तुझा कोरडा शर्ट

अण्णा, निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. "यांचा घाम कधी थांबला?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. तू आत होतास. अंगावर ओल्या चादरी, काखेत बर्फाच्या पिशव्या, आणि आम्ही दारात एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. वहिनीने माझ्याकडे बघितलं, तुझ्या ऋतुजानेही माझ्याकडेच बघितलं. मी म्हणाले, "लक्ष नव्हतं."

लक्ष होतं. शर्ट मीच शिवलेला, कापड मीच निवडलेलं, आणि वीस वर्षं बेळगावच्या कॅम्पातल्या त्या दहा फुटी शिलाईच्या दुकानात बसून मी दुसरं केलंय काय? माणूस दारातून आत आला की मला आधी त्याचा गळा दिसतो, काख दिसते, पाठ दिसते आणि मग तोंड. तुझी पाठ कोरडी झालेली मला दिसली होती. दिसली, मी त्यावर विनोद केला, आणि तू हसलास.

तू गेल्याला आज पंधरा दिवस झाले. बारावा झाला, पाहुणे गेले, अंगणातला मांडव सोडला. ऋतुजा मधल्या खोलीत चटईवर बसून असते. कोण भेटायला आलं की ती मान वर न करता सांगते, "माझ्यामुळं झालं. मीच म्हटलं बाबांना, आणखी एकदा बसते म्हणून." आलेली माणसं म्हणतात, असं बोलू नये बाळ, देवाची इच्छा. मग चहा पितात आणि चपला घालतात. सोळा वर्षांची पोर आहे ती, अण्णा. दिवसातून चार वेळा ती हे वाक्य बोलते, आणि ते खरं नाही हे ठाऊक असलेलं माणूस तिच्या शेजारी बसून कप गोळा करत असतं.

तिला सांगायला हवं. मी भिते. आई-आप्पा गेल्यापासून तुझं घर हेच माझं माहेर. वहिनीनं दार लावून घेतलं तर मला बेळगावात जायला दुसरा उंबरा नाही. म्हणून आधी तुला सांगते आहे. तू चिडलास तर फार तर रविवारी दुकानात येऊन मशीनला तेल घालणार नाहीस, आणि ते तर आता तसंही होणार नाही.

तू मला शालन म्हणून कधी हाक मारलीस ते मला आठवत नाही. "ए भागूबाई." चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या लग्नात भटजींसमोरसुद्धा. मला सगळ्याची भीती. विजेची, विहिरीची, कुत्र्याची, परीक्षेची, गावातल्या त्या वाकलेल्या चिंचेची. खानापूरहून बस चुकेल म्हणून मी तासभर आधी जाऊन थांब्यावर बसायची आणि तू बस सुरू झाल्यावर पळत येऊन मागच्या दाराला लटकायचास. एकाच आईच्या पोटची आपण, वाटणी करताना भीती सगळी माझ्या पदरात आणि तुझ्याकडे काही शिल्लकच नाही, असं आप्पा म्हणायचे.

आपल्या गावच्या जत्रेत तू मला पहिल्यांदा पाळण्यात बसवलंस ते आठवतं? मी सात वर्षांची असेन. लाकडी पाळणा, हातानं फिरवायचा. एक फेरी झाली नाही तोच मी किंचाळायला लागले. माझ्या शेजारच्या पोरी हसायला लागल्या. पण तू हसला नाहीस. खालून तू त्या पाळणेवाल्याचं मनगट धरलंस आणि म्हणालास, "थांबव. माझी भन नको म्हणतीया." तू तेव्हा तेरा वर्षांचा, अंगानं काडी. त्यानं पाळणा थांबवला. घरी येईपर्यंत तू मला एका शब्दानं चिडवलं नाहीस. चिडवायला सुरुवात केलीस ती दुसऱ्या दिवसापासून, आणि ते पंचेचाळीस वर्षं पुरलं.

आपलं भांडण एकच होतं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचास, भ्यालेल्या माणसाच्याच मागं सगळं लागतं. मी म्हणायची, मी भिते म्हणून घरात गॅस बंद असतो आणि दाराला कडी असते. उद्यमबागेत तुझी फौंड्री, तू भट्टीवर. तापलेला लोखंडाचा रस लांब दांड्याच्या भांड्यातून साच्यात ओतायचा, हे तुझं रोजचं काम. तुझ्या हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, तांदूळ सांडल्यासारखे. मी किती वेळा म्हटलं, आता वय झालं, दुसरं काम माग, स्टोअरला बस. तू म्हणायचास, "आगीला म्हाईत हाय गं मी. वळखीचं माणूस हाय मी तिच्या." आणि मी चिडून मशीनचा पट्टा चढवायची.

पार्कचं ठरलं ते ऋतुजासाठी. दहावी झाली की नेतो, असा शब्द तू दिला होतास. पोरीनं वर्षभर पुस्तकातून डोकं काढलं नाही, आणि निकाल लागल्या दिवशी पेढ्याच्या आधी तिनं तो शब्द मागितला. निपाणीच्या अलीकडं, हायवेला लागून झालेलं पार्क. पाण्याचे खेळ, उलटे करणारे पाळणे, सगळं. मी म्हणाले, मे महिन्यात कशाला, जरा पाऊस होऊ दे. तू म्हणालास, "पाऊस झाल्यावर पाण्यात खेळायला कोण जातंय व्हय?" मी म्हणाले, माझा शाळेच्या गणवेशांचा सीझन आहे, दुकान बंद ठेवता येत नाही. तू दुकानात आलास, शटर अर्ध्यावर ओढलंस आणि म्हणालास, "झालं बंद. बघ, काय आभाळ पडलं?"

मग मी तुझ्यासाठी शर्ट शिवला. आकाशी, सुती, हलका, उन्हाला बरा म्हणून. आकाशी रंगावर घाम सगळ्यात आधी दिसतो. गिऱ्हाइकाला मी हे सांगते, तुला सांगितलं नाही, कारण तुला घामाची लाज कधीच नव्हती.

आपण पाच जण गेलो. तू, वहिनी, ऋतुजा, मी आणि माझी सई. आमच्या ह्यांना सुटी मिळाली नाही. सातच्या बसला बसलो तरी संकेश्वर यायच्या आत खिडकीच्या तापलेल्या सळईला हात लावता येईना. तू पुढच्या सीटवर. तुझ्या पाठीवर मधोमध एक गडद डाग पडला, मग तो वाढत वाढत कमरेपर्यंत आला. मी वहिनीला म्हटलं, बघ, नवा शर्ट निपाणी यायच्या आधी पिळून घ्यावा लागणार. तू मागं न वळता म्हणालास, "घाम येतोय तवर माणूस जित्ता असतंय, भागूबाई."

हे तू म्हणाला होतास. स्वतःच्या तोंडानं. रोज झोपायच्या आधी मला हे ऐकू येतं, आणि मग माझ्याच्यानं अंथरुणावर पडवत नाही.

पार्कच्या दारात तू मला थांबवलंस. तिकिटं काढून झाली होती, पोरी पुढं पळाल्या होत्या. तू सईला परत हाक मारलीस, माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालास, "घे शपथ. आज दिवसभर 'नको' म्हणायचं न्हाय. पोरींना न्हाय, मला न्हाय, कुणालाच न्हाय."

"अण्णा, असली शपथ घेतात व्हय?"

"एकच दिवस गं. पोरींचा दिवस हाय. तू 'पडंल, बुडंल, मरंल' म्हणत बसलीस की त्यांचा जीव अर्धा हुतोय. घे."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आपल्यात मोडत नाहीत. तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू सईला बोलावलंस. मी घेतली. सई खिदळत होती. वहिनी म्हणाली, "अहो, कायतरीच." आणि आपण आत गेलो.

आत काय होतं ते मी नीट सांगू शकणार नाही, कारण पहिले दोन तास मी फक्त मोजत होते. सई कुठे, ऋतुजा कुठे. लाटांच्या तळ्यात पन्नास डोकी, त्यातली माझी दोन कुठली. घसरगुंडीच्या नटबोल्टला गंज लागलाय का, दोरखंड झिजलाय का, वरचा पोरगा पाय घसरून खालच्यावर पडेल का. तोंडातून 'नको' काढायचं नव्हतं, म्हणून ओठ चावत होते. ऊन असं की फरशीवरून अनवाणी चालणारी माणसं उड्या मारत होती. मला त्या उन्हाची भीती वाटली नाही, अण्णा. मला लोखंडाची भीती वाटली, पाण्याची वाटली, गर्दीची वाटली. ऊन काय, रोजचंच.

तू पाण्यात उतरला नाहीस. सुती कपड्यात उतरू देत नाहीत, नायलॉनची चड्डी भाड्यानं घ्यावी लागते, आणि भावाला आपले गुडघे बहिणीसमोर उघडे करायची लाज. मला मात्र तू ढकललंस. त्या ढगळ नायलॉनच्या कपड्यात मी सईचा हात धरून उंच घसरगुंडीवर चढले. वरून बघितलं. खाली तू काठावर उभा, दोन्ही हात वर केलेले. मी डोळे मिटले आणि सुटले. पाण्यात पडले, नाकातोंडात पाणी गेलं, वर आले, आणि मला हसू फुटलं. बावन्नाव्या वर्षी! तू टाळ्या वाजवत ओरडत होतास, "आमची भागूबाई सुधारली! ए, बघा रं, माझी भन हाय ती!" अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या. त्या एका क्षणासाठी मी तुझी कायमची ऋणी आहे. आणि त्याच क्षणानं घात केला असंही मला वाटतं.

पोरी पाण्यात असल्या की तू त्यांच्यासाठी नंबर लावून उभा राहायचास. ही तुझी जुनीच खोड. गॅससाठी तू, दवाखान्यात केसपेपरला तू, ऋतुजाच्या शाळेच्या प्रवेशाला पहाटे जाऊन तू. घरच्यांनी रांगेत उभं राहायचं नसतं, रांगेत अण्णा उभा राहतो. तो उलटा करणारा मोठा पाळणा ऋतुजाला फार आवडला. रांग तासातासाची, वर छप्पर नाही, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. तू उभा राहायचास, तुझा नंबर जवळ आला की हाक मारायचास, ती ओल्या केसांनी पळत यायची, तुझ्या जागी उभी राहायची आणि तू कठड्याखालून वाकून बाहेर यायचास. असं दोनदा झालं. मधे आपण जेवलो. वहिनीनं भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती, तू अर्धी भाकरी परत ठेवलीस. "डोकं जरा जड झालंय, उनाचं." पाणी पी म्हटलं तर घोटभर प्यालास. भट्टीवरून आल्या आल्या पाणी प्यायचं नाही, तापलेल्या अंगाला बाधतं, हे तुमचं फौंड्रीतलं शास्त्र. अंग निवल्यावर प्यायचं. त्या दिवशी तुझं अंग निवलंच नाही.

तेव्हा तुझ्या शर्टाला पांढऱ्या कडा आल्या होत्या. मिठाच्या. काखेपासून बरगडीपर्यंत, एकात एक. मी मनात म्हटलं, हे डाग धुतल्यावरही जायचे नाहीत.

मग ऋतुजा म्हणाली, "बाबा, आणखी एकदा. शेवटचं."

हे तिनं म्हटलं. पण तू आधीच उठला होतास, अण्णा. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू टोपी डोक्यावर ठेवली होतीस. ती हे विसरली आहे, तेही मला तिला सांगायचं आहे.

तीनच्या सुमाराला मी सईला घेऊन तुला बाटली द्यायला रांगेपाशी आले. तू कठड्याला टेकून उभा होतास. पुढचे मागचे सगळे घामानं निथळत होते, एका बाईच्या हनुवटीवरून थेंब टपकत होते. तुझा शर्ट कोरडा होता. पाठ कोरडी, काख कोरडी, गळा कोरडा. फक्त त्या मिठाच्या रेघा. बाटली देताना तुझ्या हाताला माझी बोटं लागली, आणि तुझा हात नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा लागला. मी म्हणाले, "अण्णा, तुझा शर्ट तर इस्त्रीचाच दिसतोय की."

तू म्हणालास, "आमी भट्टीवरची माणसं गं. आमाला ऊन काय करतंय?"

रांगेतली माणसं हसली. मीही हसले. तिथं झाडणारी एक बाई होती, काठीला केरसुणी बांधलेली, डोक्यावर पदर घट्ट. ती थांबली, तुझ्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "नीर कोडरी अवरिगे." त्यांना पाणी द्या. तू तिला कानडीतच झालंय पिऊन म्हणून सांगितलंस आणि बाटली सईच्या हातात दिलीस. बाई माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिच्यासारखी परकी बाई भ्याली, आणि मी, जिला विजेच्या दिव्याचीही भीती, मी सईची वेणी घालत बसले.

पंधरा दिवस मी स्वतःला सांगते आहे की शपथ होती म्हणून बोलले नाही. 'नको, बाहेर ये' म्हटलं असतं तर सईवर काही आलं असतं. पण तुझ्यापुढं काय खोटं बोलू? शपथ मला त्या वेळी आठवलीही नव्हती. मला आठवत होत्या त्या टाळ्या. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं कौतुक केलं होतंस, आणि दोन तासांत परत भागूबाई व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं. 'बाहेर ये' हे शब्द जिभेवर आले होते. मी ते गिळले. एवढंच झालं.

ऋतुजाचा नंबर आला. ती तुझ्या जागी उभी राहिली, तू वाकून बाहेर आलास, वाकताना कठडा दोन्ही हातांनी धरलास. वहिनी पिशव्यांपाशी झाडाखाली. ऋतुजाला पाळण्यात बसवलं, छातीवर लोखंडी दांडा आला, आणि पाळणा वर निघाला. मी वर बघत होते. दांडा सुटेल, ती खाली पडेल, म्हणून मी वर बघत होते, आणि तू माझ्यापासून चार हातांवर होतास.

तुझा आवाज आला. "मागं सरा रं! मागं सरा, रस सांडंल!"

तू दोन्ही हात पसरून रांगेतल्या माणसांना ढकलत होतास. लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मीही क्षणभर हसले, अण्णा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मग तू माझ्याकडं बघितलंस आणि मला ओळखलं नाहीस. "माझी टोपी कुठाय?" म्हणालास. टोपी डोक्यावरच होती. गुडघे मोडले आणि तू त्या तापलेल्या फरशीवर आडवा झालास.

वर पाळणा उलटा झाला होता. ऋतुजानं वरून बघितलं. ती ओरडत होती, थांबवा, थांबवा, पण त्या पाळण्यात सगळीच ओरडत होती, तिचं ओरडणं वेगळं आहे हे कुणाला कळणार? तो पाळणा ठरलेल्या फेऱ्या झाल्याशिवाय थांबला नाही. ती उतरून आली तेव्हा लोकांनी तुझ्यावर बादल्या ओतायला सुरुवात केली होती. पार्कातल्या माणसांनी उचलून गाडीत घातलं. पुढचं सगळं धडाधड झालं. निपाणी, दवाखाना, बर्फ, डॉक्टरांचा तो प्रश्न. आणखी थोडं आधी कळलं असतं तर, असं ते बोलले आणि मधेच थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तुझे फौंड्रीतले सोबती आले होते बाराव्याला. अंगणात एका ओळीत उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. एकजण मला म्हणाला, "आक्का, भट्टीम्होरं हुबा ऱ्हाणारं माणूस उनानं कसं जाईल?" त्यानं शेजारच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तो हात ओला झालाय का ते बघितलं. मी ते पाहिलं. त्यांनाही आता भीती बसली आहे, आणि उद्या सकाळी त्यांना परत तिथंच उभं राहायचं आहे.

माझं तर विचारूच नकोस. सईच्या पाठीवरून दिवसातून दहा वेळा हात फिरवते. ती वैतागते. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाळले की मला बघवत नाही. परवा एका गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याचा गळा कोरडा लागला, मी टेप खाली टाकली आणि त्याला आधी पाणी पाजलं. तो म्हणाला, ताई, मी एसी गाडीतून आलोय. पूर्वीची भीती मला सांभाळून होती असं मी समजत होते. ही वेगळी आहे. हिच्यासमोर मला बसायलाही जागा नाही.

आणि तरी तुझ्यावर राग येतो, तोही सांगते. कुणी सांगितलं होतं तुला न भिण्याचं व्रत घ्यायला? डोकं जड झालं होतं ना? मग सावलीत बसायचं होतंस. पोरीच्या डोळ्यांत आपला बाप दमलेला दिसू नये, एवढ्यासाठी तू उभा राहिलास. आणि मी तुझ्या डोळ्यांत भित्री दिसू नये, एवढ्यासाठी गप्प राहिले. दोघंही शहाणे.

इथवर लिहून मी वही मिटली होती. चार दिवस तशीच मशीनच्या खणात पडली होती. आज दुपारी मी दुकान बंद केलं आणि तुझ्या घरी गेले.

वहिनी मागच्या दारी धुणं पिळत होती. ऋतुजा चटईवर. शेजारच्या काकू आल्या होत्या, आणि मी आत पाऊल टाकलं तेव्हा ती त्यांना तेच सांगत होती. काकू उठेपर्यंत मी थांबले. मग दार लोटलं आणि तिच्यासमोर बसले. मी म्हणाले, "ऋतू, तुझ्या बाबांचा घाम थांबलेला मला दिसला होता."

तिनं मान वर केली.

मी सगळं सांगितलं. शर्ट, हात, इस्त्रीचा विनोद, ती झाडणारी बाई, टाळ्या, आणि मी हसले तेही. तू तिच्या शब्दाआधीच उठला होतास हेही. मधे एकदाही रडले नाही, रडले असते तर ती मलाच समजावत बसली असती.

मागच्या दारी बादलीचा आवाज थांबला होता, म्हणजे वहिनीनंही ऐकलं होतं. मग ऋतुजा म्हणाली, "तू तर सगळ्याला भितीस की. माझ्या सायकलीला भितीस. मग त्या दिवशी का गप बसलीस?"

"त्या दिवशी भ्याले न्हाय गं."

"का न्हाय भ्यालीस?" ती उभी राहिली. "का न्हाय भ्यालीस, आत्या? तुला दिसलं हुतं! तू सांगितलं असतंस तर मी बसलेच नसते त्या पाळण्यात!" तिचा आवाज चिरकला. इतक्या दिवसांत तिनं आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. वहिनी दारात येऊन उभी राहिली, हातातल्या ओल्या कपड्याचं पाणी उंबऱ्यावर गळत होतं, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मला वाटलं, आता उठावं, चपला घालाव्या. पण मी उठले नाही.

ऋतुजानं माझ्याकडं बोट केलं. "आई, हिच्यामुळं झालं," ती म्हणाली. "आत्या, तुझ्यामुळं झालं."

मी म्हणाले, "व्हय, बाळा. माझ्यामुळं."